दिवेआगरला सायकल न्या, पुळणीवर नको

ताम्हिणीमार्गे किनाऱ्यावर जाणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, निजामपूर, माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन, दिवेआगर. पुण्यापासून साधारण दीडशे किलोमीटरचा हा रस्ता आमच्या बहुतेक ग्राहकांना तोंडपाठ आहे, त्यामुळे तो इथे पुन्हा समजावत नाही. पहाटे अंधारात निघावं, मुळशीच्या जलाशयाकाठी उजाडावं आणि ऊन चढायच्या आत घाटातली झाडी गाठावी, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, थोडा दाबा आणि सोडा, हेही आम्ही सायकल देताना सांगतोच.

हे पत्रक एका वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. भाड्याची सायकल घेताना प्रत्येक जण विचारतो, ‘पुळणीवर नेली तर चालेल ना? ओहोटीला वाळू एकदम कडक असते, जीपसुद्धा चालते.’ आम्ही नको म्हणतो. तरीही दर दहा सायकलींतल्या तीन-चार वाळू खाऊनच परत येतात. म्हणून यामागचं कारण एकदा नीट लिहून ठेवतो.

ओल्या वाळूवर सायकल चालते, हे खरंच आहे. प्रश्न चाक रुतण्याचा नाही. टायरने उडवलेलं पाणी आणि वाळू चेनवर, डिरेलरवर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग), ब्रेकच्या पॅडवर आणि हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) तोंडाशी जाऊन बसते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. पाणी वाळतं, मीठ मागे राहतं. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच विरघळतं. कोकणात रात्री हवा बहुतेक वेळा याहून दमट असते. म्हणजे संध्याकाळी फडक्याने पुसून कोरडी दिसणारी सायकल रात्रभर आतून खाऱ्या पाण्यात भिजत असते. सकाळी चेनवर तांबूस झाक दिसते ती यामुळेच.

वाळूचं काम वेगळं. वाळूतले गारगोटीचे कण सायकलच्या बहुतेक पोलादापेक्षा कठीण असतात. ते चेनच्या तेलात मिसळले की पॉलिश पेपरवर असतो तसा लेप तयार होतो आणि तुम्ही पेडल मारत राहता तोवर तो चेनच्या पिना आणि कॅसेटचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचे) दात घासत राहतो. ब्रेकच्या पॅडमध्ये अडकलेला एकच कण रिमवर गोल चर पाडतो. आणि अजून परतीचा ताम्हिणीचा चढ तर बाकी असतो!

इथपर्यंतचं नुकसान आवरता येतं. खरी चूक होते ती यानंतर, आणि आमचा सगळा वेळ तीच खाते. सायकल वाळूने माखलेली आहे, अशी परत द्यायला संकोच वाटतो, म्हणून मंडळी वाटेत एखाद्या गाड्या धुण्याच्या सेंटरवर थांबतात आणि प्रेशरच्या पाइपने सायकल लख्ख धुऊन घेतात. हेतू चांगलाच असतो. पण हबला आणि बीबीला (पेडलचा आस जिथे फिरतो तो फ्रेममधला भाग) जी रबरी सील असतात ती पावसासाठी आणि धुळीसाठी असतात. कारखालचा वाळलेला चिखल उडवणारा पाण्याचा झोत त्यांना पेलत नाही. झोत सीलच्या कडेवर पडला की बाहेरची खारी वाळू थेट बेअरिंगमध्ये जाते आणि आतलं ग्रीस धुऊन निघतं. सायकल चकाचक दिसते आणि चाक हाताने फिरवलं की करकर ऐकू येते. न धुता, वाळूसकट आणलेली सायकल आम्हाला याहून कितीतरी परवडते.

रस्त्यावरून फिरून आलेली सायकल आम्ही पाऊण तासात धुऊन, तेल देऊन, तपासून पुढच्या ग्राहकासाठी उभी करतो. प्रेशरने धुतलेल्या खाऱ्या सायकलीला आख्खा दिवस लागतो. दोन्ही चाकं काढायची, हब उघडायचे, बीबी काढायचा, प्रत्येक बेअरिंग रॉकेलमध्ये धुवायचं, जी गेली ती बदलायची, नवं ग्रीस भरायचं, चेन मोजायची. नव्या चेनच्या बारा पूर्ण कड्या (आतली आणि बाहेरची मिळून एक) बारा इंच भरतात. हे माप अर्ध्या टक्क्याने वाढलं की अकरा गिअरच्या सायकलची चेन आम्ही बदलतोच, नाहीतर ती तिच्याहून कितीतरी महाग कॅसेटला सोबत घेऊन जाते.

गेल्या डिसेंबरात एका ग्रुपच्या आठ सायकली रविवारी रात्री अशा परत आल्या. दोन कारागीर आठवडाभर त्यातच गुंतले आणि शनिवारी ज्यांचं बुकिंग होतं त्यांच्यातल्या तिघांना आम्हाला नाही म्हणावं लागलं. त्यातली एक ताई पहिल्यांदाच शंभर किलोमीटरच्या वर जाणार होती, तीन महिने तयारी करून. ते आम्हाला अजून लागून राहिलं आहे.

वाळूत नेलेल्या सायकलीसाठी आम्ही जादा आकार घेतो तो यासाठीच. वाळू खाल्लेल्या सायकलीमागे ९०० रुपये डिपॉझिटमधून वजा होतात. बदललेले सुटे भाग वेगळे. काही जणांना हा आकार जास्त वाटतो. पण यात एक दिवसाची मजुरी आहे आणि त्या दिवशी ती सायकल भाड्याने जात नाही. आमच्या सायकली एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातात. ताम्हिणीच्या उतारावर चाक डगमगायला लागलं तर ते पुढच्या माणसाच्या जिवावर बेतेल. जुळवाजुळव करून सायकल पुढे ढकलणं आमच्याने होत नाही.

मात्र, चुकून गेलीच वाळूत, तर त्याच दिवशी फोन करा. आम्ही रागावणार नाही. काय करायचं ते सांगू आणि आकारही निम्माच घेऊ, कारण पहिल्या रात्रीच गोड्या पाण्याने धुतलेली सायकल बहुतेक वेळा वाचते.

धुवायचं असं. मुक्काम असेल तिथल्या घरमालकांकडून एक बादली गोडं पाणी आणि ते ओतायला एक मग मागून घ्या. आधी जिभेला लावून बघा, किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी मचूळ असतं, त्याने धुतलं तर मीठच घालाल. सायकल उभी करा आणि वरून खाली पाणी नुसतं ओता, फवारा नको. वाळू वाहून गेल्याशिवाय फडकं लावू नका, नाहीतर रंगावर ओरखडे येतात. मग भांड्यांच्या साबणाचं पाणी, पुन्हा साधं पाणी, मग कोरडं फडकं. चेन उलटी फिरवत पुसा आणि प्रत्येक कडीच्या रोलरवर तेलाचा एकेक थेंब सोडा. दहा मिनिटं थांबून वरचं तेल पुसून काढा. तेल आत हवं, बाहेर राहिलं तर धूळच धरतं. रस्ता सोडला नसेल तरीही किनाऱ्यावर मुक्काम असेल तर हे कराच, खारा वारा रस्त्यावरही येतो.

गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे तेल नव्हे, तो आतलं वंगणही धुऊन टाकतो. खोबरेल तेलही नको. दिवेआगरला ते छान पातळ असतं, पण चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली थिजतं आणि पुण्याच्या डिसेंबरातल्या सकाळी चेनमध्ये त्याचं मेण होतं.

स्वतःची सायकल असणाऱ्यांसाठी एक सांगणं. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम आणि स्टीलचे बोल्ट, किंवा स्टीलची फ्रेम आणि अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट (सीटखालची दांडी), अशा दोन धातूंच्या मध्ये खारं पाणी गेलं की गंज चढून ते एकमेकांना धरून बसतात. अडकलेला सीटपोस्ट काढताना फ्रेम वाचेलच असं आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. किनाऱ्यावर जाण्याआधी तो बाहेर काढून ग्रीस लावून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, दुकानात आणलीत तर चहा होईपर्यंत करून देतो आणि त्याचे पैसे घेत नाही. परत आल्यावर पूर्ण सर्व्हिस हवी असेल तर ‘किनारा सर्व्हिस’ ६५० रुपयांत होते, चेनची मोजणी त्यात धरलेली आहे.

आता फोटोचं. समुद्र आणि सायकल एकाच फोटोत हवी, हे आम्हाला कळतं. इतक्या लांब पेडल मारत आल्यावर ते वाटणारच. त्यासाठी दुसऱ्या दिवशी दिवेआगरहून भरडखोल, शेखाडी, आरावी करत श्रीवर्धनला जा. वीसेक किलोमीटरचा रस्ता आहे आणि शेखाडीच्या आसपास तो समुद्राला इतका लगटून जातो की डांबरावर सायकल उभी केली तरी मागे नुसतं पाणी दिसतं. सकाळी ऊन डोंगराकडून येतं, त्यामुळे चेहराही उजळ येतो. भरडखोलच्या बंदरात होड्या लागलेल्या असतील तर थोडं थांबा. श्रीवर्धन हे पेशवा बाळाजी विश्वनाथांचं गाव, आणि तिथली रोठा सुपारी घरच्यांसाठी न्यायला विसरू नका. २०२० च्या जूनमधल्या निसर्ग वादळात इथल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या. बागायतदारांनी पुन्हा लावणी केली आहे, पण पोफळीला फळ धरायला वर्षं लागतात. चार पैसे तिथेच खर्च केलेले बरे.

दिवेआगरच्या पुळणीवर जायचंच आहे, तर सुरूच्या बनाशी सायकल कुलूप लावून ठेवा आणि अनवाणी चालत जा. पुळण चारेक किलोमीटर लांब आहे, पायांना मोकळं करायला याहून चांगली जागा नाही.

प्रत्येक भाड्याच्या सायकलीच्या पिशवीत आता आम्ही तेलाची छोटी बाटली, ब्रश, दोन सुती फडकी आणि लांब केबलचं कुलूप ठेवतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. रविवारी उशिरा पोचणार असाल तर सायकल सोमवारी सकाळी अकरापर्यंत आणा, जादा भाडं लागणार नाही. वाटेत धुवायला थांबू नका, जशी आहे तशीच आणा.