मुंबईची धावपट्टी आणि मराठवाड्याची विमाने

मराठवाड्यात विमानसेवेची चर्चा निघाली की बोलणे छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा, नांदेड किंवा लातूरच्या विमानतळाच्या सोयींवर येऊन थांबते. प्रत्यक्षात या भागाची अडचण बऱ्याच अंशी मुंबईत आहे. सांताक्रूझच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिच्यावर तासाला सुमारे 46 उड्डाणे-उतरणी बसवली जात, आणि 2024 मध्ये गर्दीच्या तासांसाठी हा आकडाही खाली आणण्यात आला.

अशा विमानतळावर कंपनीला विमानाबरोबर ठरावीक वेळेचा ‘स्लॉट’ही मिळवावा लागतो. उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकासाठी स्लॉट वाटले जातात, आणि मिळालेल्या स्लॉटपैकी किमान 80 टक्के वापरले तर पुढच्या वर्षी त्याच हंगामात त्यांवर त्याच कंपनीचा हक्क राहतो. साहजिकच जुन्या कंपन्या सकाळ-संध्याकाळच्या सोयीच्या वेळा सोडत नाहीत. त्यात नांदेडचे सत्तरेक आसनांचे एटीआर आणि दिल्लीचे 180 आसनांचे एअरबस धावपट्टीवर सारखीच एक पाळी घेतात. किंबहुना मोठ्या विमानामागे उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांमुळे लहान विमानाला अधिक अंतर ठेवून उतरवावे लागते. अशा वेळी कंपनी दिल्लीला प्राधान्य देते, यात तिचा दोष काढता येत नाही.

उरलेल्या थोड्या स्लॉटसाठी छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला नाशिक, कोल्हापूर, जळगाव यांच्याशी स्पर्धा करावी लागते. 1 ऑक्टोबर 2017 रोजी शिर्डीचे विमानतळ सुरू झाले आणि संभाजीनगरच्या जवळच आणखी एक वाटेकरी उभा राहिला.

लहान शहरांच्या विमानसेवेसाठी 2016 मध्ये आलेल्या केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेने तोट्याची भरपाई, साधारण तासाभराच्या प्रवासाच्या काही आसनांना 2,500 रुपयांची भाडेमर्यादा आणि मार्गावर तीन वर्षांची मक्तेदारी दिली, पण मुंबईची धावपट्टी वाढवणे तिच्या हातात नव्हते. 27 एप्रिल 2017 रोजी योजनेतल्या पहिल्या विमानांत नांदेडचे विमान होते, आणि ते हैदराबादला गेले. ज्या शहराशी 1956 पर्यंत मराठवाड्याचा राज्यकारभार बांधलेला होता, तिकडेच हे विमान वळले, हा योगायोग गमतीचा असला तरी त्यामागे व्यवहार होता. ही सेवा चालवणाऱ्या ट्रूजेट कंपनीचा तळ हैदराबादला होता, आणि 2008 मध्ये शमशाबादला नवे विमानतळ झाल्याने तिथे जागेची टंचाई नव्हती. मुंबईच्या मार्गांना मात्र पहिल्या फेरीत स्लॉटची अडचण आली.

स्लॉट मिळाला तरी तो कोणत्या वेळेचा, यावर सेवेचे भवितव्य ठरते. भर दुपारी मुंबईत पोचवणारे विमान मंत्रालयातल्या कामाच्या माणसाला निरुपयोगी असते. तो रात्री देवगिरी एक्स्प्रेसने निघून सकाळी मुंबईत उतरणे पसंत करतो. मग आसने रिकामी राहतात, आणि प्रवासीच नाहीत असा निष्कर्ष काढून सेवा बंद होते. एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज बंद पडल्यावर मुंबईतले तिचे स्लॉट सरकारने तात्पुरते इतर कंपन्यांना वाटले, पण ते कोणत्या शहरासाठी वापरायचे हा निर्णय मुख्यतः व्यापारी हिशेबावर सोडला गेला. लहान शहरांसाठी काही वेळा राखून ठेवण्याची संधी तेव्हा होती, असे माझे मत आहे.

नवी मुंबई विमानतळाला केंद्र सरकारने 2007 मध्ये मंजुरी दिली, पायाभरणी 2018 मध्ये आणि उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले; 25 डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. आता कंपन्यांना प्रथमच दोन विमानतळांत निवड करता येते. भरघोस भाड्याचे मार्ग सांताक्रूझला ठेवून कमी आसनांची प्रादेशिक विमाने नवी मुंबईकडे पाठवणे त्यांच्या सोयीचे ठरेल. लंडनमध्ये हीथ्रो भरत गेले तशी तिथली देशांतर्गत लहान शहरांची उड्डाणे कमी झाली होती. नांदेडच्या प्रवाशाला उलव्याला, म्हणजे नवी मुंबई विमानतळावर, उतरवले तर सकाळची वेळ कदाचित मिळेल, पण नरिमन पॉइंट गाठायला अटल सेतूवरून आणखी प्रवास करावा लागेल, आणि परळच्या टाटा रुग्णालयात निघालेल्या रुग्णाला टॅक्सीचे भाडेही तिकिटात धरावे लागेल.