कॅम्पर व्हॅन घेतली की लॉजचे पैसे वाचतात?

"गाडीतच झोपायची सोय केली की लॉजला पैसे घालवायला नकोत." साताऱ्यात भटक्यांच्या गप्पांत हे वर्षानुवर्षं ऐकतोय. ते खरं नाही. त्यापायी लोक कर्ज काढतात, म्हणून लिहितोय.

साधा हिशोब मांडा. गाडी आणि आतलं काम मिळून १५ लाख धरा. वर्षाला २० रात्री बाहेर, नोकरदाराला याहून जास्त जमत नाही. १० वर्षांत २०० रात्री. शेवटी गाडी ५ लाखांना विकली तरी रात्रीला ५,००० रुपये पडले. डिझेल, विमा, टायर, व्याज वेगळंच. एवढ्यात आडवारी महाबळेश्वरला चांगली खोली मिळते.

उरलेले ३४५ दिवस गाडी उभीच. शेजारच्या काकांची पावसाळाभर ताडपत्रीखाली होती. दार उघडलं तर गादीला बुरशी, बॅटरी उतरलेली, सीटखालची वायर उंदरांनी कुरतडलेली. काका बराच वेळ नुसते दाराशी उभे होते.

"जुनी ट्रॅव्हलर (मिनीबस) घेऊन गॅरेजात बेड बसवू," हाही धोक्याचा सल्ला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत. आरटीओची मंजुरी नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावाही अडकू शकतो.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर गाडीत राहायचं म्हणाल, तर फुलांच्या हंगामात तिथला प्रवेशच नियंत्रित असतो. पठारावर मुक्काम टाकायचं मनातून काढा.

वर्षातले तीन-चार महिने खरंच रस्त्यावर काढणार असाल, तर गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी आधी दोन रात्री भाड्याची व्हॅन घ्यावी, तिची सांडपाण्याची टाकी स्वतः रिकामी करावी, मगच बँकेत जावं.