पोटासाठी डिप्रेशनची गोळी, हे कुठून सुरू झालं?

अपचन वर्षानुवर्षं चालूच, एन्डोस्कोपी नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, आणि मग पोटाचे डॉक्टर रात्री झोपताना घ्यायला ॲमिट्रिप्टिलीन १० लिहून देतात. पेशंट घरी येऊन नाव सर्च करतो, डिप्रेशनचं औषध असं दिसतं आणि वाटतं की डॉक्टरांना आपलं दुखणं खोटंच वाटतंय. बरेच जण मग गोळी सुरूच करत नाहीत, आणि याचं खरंच वाईट वाटतं.

मनाचा जठरावर परिणाम होतो हे फार आधी डोळ्यांनी बघितलं गेलंय. १८२२ मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीची गोळी लागली, तो वाचला पण जठराला भोक कायमचं राहिलं, आणि विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्यातून वर्षानुवर्षं आत बघून प्रयोग केले, राग आला की जठराचं काम बिघडतं हेही नोंदवलं.

औषधं आली ती १९५० नंतर. स्वित्झर्लंडमध्ये रोलँड कून या मानसोपचारतज्ज्ञांना इमिप्रामीनचा डिप्रेशनवर गुण दिसला, १९६१ मध्ये अमेरिकेत ॲमिट्रिप्टिलीन आलं. पुढे कळलं की डिप्रेशन नसलं तरी कमी डोसमध्ये ही औषधं नसांच्या वेदना शांत करतात. डिप्रेशनला ७५ ते १५० मिलीग्रॅम लागतात, पोटाला १० पासून सुरुवात करून फारतर ५० पर्यंत.

मधे १९८० च्या दशकात मार्शल आणि वॉरेन या डॉक्टरांनी अल्सरमागचा जंतू शोधला (२००५ चं नोबेल), पण जंतू मारूनही कित्येकांचं अपचन तसंच राहिलं.

मग नीट चाचण्या झाल्या. २०१५ मध्ये २९२ पेशंटांवरच्या अभ्यासात ॲमिट्रिप्टिलीनने ५३ टक्क्यांना आराम पडला, एस्सिटालोप्रामने ३८, आणि नुसत्या खोट्या (औषध नसलेल्या) गोळीने ४०. दोन्ही डिप्रेशनचीच औषधं ना, म्हणजे मूड सुधारला म्हणून पोट सुधारलं इतकं सरळ असतं तर दुसऱ्यानेही गुण यायला हवा होता. फायदा मुख्यतः पोट दुखणाऱ्यांना झाला, ज्यांचं जठर सावकाश रिकामं होतं त्यांना नाही. २०१८ मध्ये हाँगकाँगमध्ये इमिप्रामीनचाही गुण दिसला, ६३.६ टक्क्यांना आराम, खोट्या गोळीने ३६.५.

आपल्याकडे मात्र अजून एक धागा आहे आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं. लेव्होसल्पिराइड हे मूळचं सायकोसिसच्या (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराच्या) औषधांच्या घराण्यातलं, ते जठराची हालचाल वाढवतं म्हणून ॲसिडिटीच्या औषधासोबत एकाच कॅप्सूलमध्ये सर्रास मिळतं, आणि घेणाऱ्याला वाटतं आपण साधी गॅसची गोळी खातोय. त्याने प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढून बायकांची पाळी चुकू शकते, वयस्कर माणसांचे हात थरथरायला लागतात, चाल मंदावते, अगदी पार्किन्सनसारखं दिसतं, आणि काहींमध्ये गोळी बंद केल्यावरही ते पूर्ण जात नाही.