सेकंदकाटा सरकतो म्हणजे घड्याळ अस्सल?

पहिलं भारी घड्याळ घ्यायला निघालेल्या इंदूरकराला हा सल्ला हमखास मिळतो: सेकंदकाटा सरकत फिरला तर अस्सल, टकटक उडी मारली तर नकली. तसं नाही.

चावीच्या किंवा ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणाऱ्या) घड्याळाचा काटाही उड्याच मारतो, सेकंदाला साधारण ६ ते ८. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये टिपा, स्पष्ट दिसतील. क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणाऱ्या घड्याळातला स्फटिक तर सेकंदाला ३२,७६८ वेळा कंपतो. सेल वाचावा म्हणून काटा बहुधा सेकंदाला एकदाच हलवतात. नकली घड्याळांतही स्वस्त ऑटोमॅटिक यंत्र सर्रास असतं, त्यामुळे राजवाड्याजवळच्या दुकानात काट्याकडे बघून निर्णय नको. अनुक्रमांक, वॉरंटी कार्ड, अधिकृत विक्रेत्याचं बिल पाहा.

अचूकपणा हवा असेल तर माझ्या मते क्वार्ट्झच घ्या. साधं क्वार्ट्झ महिन्यात जेवढं चुकतं, तेवढं मेकॅनिकल, म्हणजे चावीचं किंवा ऑटोमॅटिक, एक-दोन दिवसांतही चुकू शकतं.