खुब्याचा अस्थिभंग

मांडीच्या हाडाचे वरचे टोक म्हणजे कमरेच्या वाटीत बसणारा गोळा, त्याखालची मान आणि त्याखालचा ट्रोकँटर हा जाड भाग. यातली मान किंवा ट्रोकँटर मोडणे म्हणजे खुब्याचा अस्थिभंग. विदर्भातल्या खेड्यांत याला सर्रास ‘खुबा सरकला’ म्हणतात. हा शब्दच घात करतो. म्हाताऱ्या माणसाचा खुबा साध्या पडण्याने सहसा सरकत नाही, मोडतो. पण ‘सरकला तर बसवून घेऊ’ म्हणून रुग्णाला आधी मालीश करणाऱ्याकडे नेले जाते आणि मोलाचे दिवस जातात.

तरुणांचा खुबा मोटरसायकलच्या अपघातात किंवा झाडावरून पडून मोडतो. साठीनंतर मात्र उभ्या उंचीवरून पडणेही पुरते: ओल्या सारवणावर पाय घसरतो, न्हाणीत शेवाळ असते, रात्री लघवीला उठल्यावर उंबरठा लागतो. मूळ कारण हाडे ठिसूळ होणे. पाळी गेलेल्या स्त्रियांत ते अधिक आढळते.

मोड कुठे आहे यावर सगळे उपचार ठरतात. गोळ्याला रक्त मुख्यतः मानेला चिकटून वर जाणाऱ्या बारीक वाहिन्यांतून मिळते. मान मोडून तुकडे हलले की त्या तुटतात. मग हाड जुळत नाही किंवा गोळा मृत होतो. ट्रोकँटरला रक्तपुरवठा भरपूर असल्याने तिथले हाड जुळते, पण आधार नसला तर आखूड व वाकडे जुळते.

पाय आखूड दिसणे, पाऊल बाहेर वळणे, टाच उचलता न येणे ही ठळक लक्षणे. फसवणारा प्रकार वेगळाच आहे: मानेचे तुकडे एकमेकांत रुतलेले असतात, रुग्ण काठी घेऊन चालतो आणि जांघेत किंवा नुसते गुडघ्यात दुखते असे सांगतो. अशा पायाला मालीश केली की रुतलेले तुकडे सुटतात, आणि दोन-तीन स्क्रूंवर भागणारे काम सांधा बदलण्यावर जाते. म्हणून पडल्यानंतर गुडघा दुखत असला तरी खुब्याचा एक्स-रे काढावा. तो स्वच्छ दिसूनही पाय टेकवत नसेल तर एमआरआय किंवा सीटी स्कॅन लागतो.

नेताना दोन्ही पायांमध्ये उशी ठेवून गुडघे व घोटे मऊ कापडाने एकत्र बांधावेत; पाय ओढू नये. खोलगट बाजेवर कंबर वाकते, त्यामुळे फळी किंवा स्ट्रेचर बरे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. सोबत चालू गोळ्यांची पाकिटे घ्यावीत, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तर विसरू नयेतच. वाटेत जेवण देऊ नये, पण पाणी तोडू नये. लघवीला उठवावे लागेल म्हणून म्हाताऱ्यांना पाणी कमी दिले जाते, आणि मे महिन्यातल्या उन्हाळ्यात याने मूत्रपिंडावर ताण येतो.

शस्त्रक्रिया शक्यतो 24 ते 48 तासांत व्हावी. न हललेल्या मानेत स्क्रू घालतात. वृद्धाची हललेली मान असेल तर गोळा काढून कृत्रिम गोळा किंवा पूर्ण सांधा बसवतात. ट्रोकँटरला पट्टी-स्क्रू किंवा हाडाच्या पोकळीत सळई. गोळ्यातला स्क्रू मध्यभागी व पुरेसा खोल नसेल तर तो ठिसूळ हाड कापून बाहेर येतो. चालू लागलेल्या रुग्णाच्या जांघेत पुन्हा दुखू लागले आणि पाय आखूड झाला तर हीच शंका घ्यावी.

‘वय झाले, आता कशाला ऑपरेशन?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. उत्तर उलटे आहे: वय झाले म्हणूनच ऑपरेशन. या मोडीनंतर वर्षभरात साधारण 20 ते 30 टक्के वृद्ध दगावतात आणि त्यात अंथरुणाला खिळण्याचा मोठा वाटा असतो. छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, माकडहाडावर जखम पडते, लघवीत जंतुसंसर्ग होतो. पायाला वीट लटकवून वजन लावल्याने यातले काहीच टळत नाही. शस्त्रक्रिया खरोखरच शक्य नसेल तर वेदनाशामक द्यावे, दर दोन तासांनी कूस बदलावी आणि जमेल तितके बसते करावे.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) बराच आढळतो. इथे भूल देण्यापूर्वी त्याची चाचणी हवी. न पडताच तरुणाचा खुबा दुखत असेल तर सिकलसेलमुळे गोळा मृत होत आहे का, हेही पाहावे.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. कृत्रिम गोळा बसवलेल्यांनी निदान सहा ते बारा आठवडे मांडी घालू नये, उकिडवे बसू नये. गुडघ्यापेक्षा उंच खुर्ची आणि संडासासाठी कमोड खुर्ची वापरावी. जमिनीवर जेवायला बसण्याची सवय इथे सगळ्यात जास्त नडते. घरी जातानाच्या कागदावर बरेचदा नसते ते हाडांचे औषध: कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंड ठीक असल्यास वर्षातून एकदा झोलेड्रोनिक आम्लाचे 5 मिलिग्रॅमचे सलाईन. ते ऑपरेशननंतर किमान दोन आठवड्यांनी, ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढल्यावर द्यावे.