शार्लटमध्ये ‘शाळा कुठली लागते?’

नॉर्थ कॅरोलायनातल्या मेकलेनबर्ग काउंटीत, म्हणजे शार्लट शहर आणि आसपास, सरकारी मिडल स्कूल सहावी ते आठवीच्या. राज्य सरकार त्यांना ए ते एफ अशी श्रेणी देतं. त्यात 80 टक्के वजन परीक्षेच्या निकालाला, जेमतेम 20 टक्के मुलांच्या प्रगतीला. मागे पडलेलं मूल शिक्षकांनी कितीही पुढे ओढलं तरी श्रेणी फारशी हलत नाही. ती बरीचशी वस्तीचं उत्पन्नच सांगते.

याची मुळं 1964 मध्ये सापडतात. डॅरियस आणि व्हेरा स्वान हे कृष्णवर्णीय मिशनरी दांपत्य भारतात राहून परतलं होतं. सहा वर्षांच्या जेम्सला त्यांनी घराजवळच्या, गोरी-काळी मुलं एकत्र शिकणाऱ्या शाळेत पाठवलं. पहिल्याच दिवशी पोरगं चिठ्ठी घेऊन घरी आलं: तुझी शाळा ही नव्हे, फक्त काळ्या मुलांची ती. 1965 मध्ये स्वान कुटुंबातर्फे वकील ज्युलियस चेंबर्स यांनी शाळा मंडळावर दावा लावला. त्याच वर्षी चेंबर्स यांच्या घरावर बॉम्ब पडला. 20 एप्रिल 1971 ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की शाळांमधली सरमिसळ साधायला मुलांना बसने दुसऱ्या वस्तीत नेता येईल.

शार्लटमध्ये हे टिकलं त्याला एक कारण होतं. 1960 मध्येच शहर आणि काउंटीच्या शाळा एका मंडळाखाली आल्या होत्या. उपनगरात घर घेऊन सुटका नव्हती. 1984 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगननी इथल्या प्रचारसभेत बस योजनेवर टीका केली, तर त्यांचेच समर्थक गप्प बसले!

पुढे बँकांचा पसारा वाढला, बाहेरून माणसं आली. 1997 मध्ये एका गोऱ्या पालकाने दावा लावला, 1999 मध्ये न्यायालयाने सरमिसळीचा जुना आदेश उठवला आणि 2002 पासून मुलं पुन्हा बहुतेक घराजवळच्या शाळेत जाऊ लागली. घरं आधीच उत्पन्नानुसार वाटलेली, शाळाही तशाच झाल्या. 2011 मध्ये तर काटकसरीपायी गरीब वस्त्यांतल्या तीन मिडल स्कूल बंद करून मुलं प्राथमिक शाळांतच सामावली.

कागदावर पाहिलं तर गरीब शाळांना केंद्राचा जादा निधी मिळतो. पण अनुभवी गणित शिक्षक टिकत नाहीत, आणि पालक संघाची तिजोरी वस्तीगणिक बदलते. 2014 मध्ये अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी गरीब घरातलं मूल वर चढण्याची शक्यता मोजली. 50 मोठ्या शहरी भागांत शार्लट पन्नासावं आलं.

नोकरीनिमित्त तिथे गेलेली आपली मंडळी भाड्याचं घर बघतानाही आधी विचारतात, “शाळा कुठली लागते?”