कुंई: वाळूतलं गोडं पाणी

थर वाळवंटात जैसलमेर, बारमेर, बिकानेरकडे भूजल आहे, पण बहुतेक ठिकाणी ते खोल आणि खारं. जैसलमेरला वर्षाकाठी पाऊस जेमतेम २०० मिलिमीटर, तोही वाळूत जिरून जातो. मात्र काही पट्ट्यांत वाळूखाली खडियाचा, म्हणजे जिप्समचा टणक थर आहे. जिरलेलं पाणी त्यावर अडतं आणि वाळूच्या कणांना ओल धरून राहते. काळी माती भेगाळते आणि भेगांतून ओल उडते. वाळूला भेगाच पडत नाहीत, वरची कोरडी वाळू उलट झाकण होते.

ही ओल गोळा करण्यासाठी कुंई, म्हणजे अरुंद तोंडाची खोल विहीर खणतात. व्यास चार-पाच हात, खोली तीस ते साठ हात. पाणी थेंबाथेंबाने पाझरतं. घेर मोठा ठेवला तर ते तळाशी पातळ पसरेल, पोहरा बुडणारच नाही, आणि उन्हाने उडेल ते वेगळंच.

खणणाऱ्याला चेलवांजी किंवा चेजारो म्हणतात. एवढ्याशा जागेत कुदळ चालवता येत नाही, म्हणून बसौली हे आखूड दांड्याचं खोदायचं हत्यार वापरतात. आत उकाडा असह्य होतो. वरची माणसं मूठ-मूठ वाळू जोराने खाली फेकतात, तिच्याबरोबर ताजी हवा आत जाते. डोक्याला मार बसू नये म्हणून चेजारो धातूचं भांडं घालतो.

खरी भीती वाळू ढासळण्याची. दगड-विटा नसतील तिथे खींप नावाच्या झुडपाचा तीन बोटं जाड दोर वळून तळापासून वेढ्यावर वेढे रचतात. एका वेढ्याला साधारण पंधरा हात दोर, हातभर उंचीला आठ वेढे. तीस हातांच्या कुंईला हिशेबाने ३,६०० हात, म्हणजे दीड किलोमीटरहून जास्त दोर लागतो!

खडिया लागला की खोदाई थांबलीच पाहिजे. तो फुटला तर गोडं पाणी खाली खाऱ्यात निघून जातं. दिवसाला दोन-तीन घागरी मिळतात. शेजारी नवी कुंई खणली की त्याच ओलीत वाटेकरी येतो, त्यामुळे कुंई खासगी असली तरी नवीन खणायला गावाची संमती लागते.

राजस्थानच्या वाळवंटात सिंचनाचं पाणी आणणाऱ्या इंदिरा गांधी कालव्याच्या अभियंत्यांना मात्र असेच थर नडले. हनुमानगड भागात सिंचनाचं जास्तीचं पाणी खाली मुरेना, पातळी वर आली, शेतं चिबडली आणि वर मीठ फुटलं.